ऑटो हिंजच्या (कपाटाच्या दाराच्या बिजागरीच्या) भोकासाठी कोणतं ड्रिल बिट घ्यावं? मदत हवी आहे

मंडळी, घरीच चपलांचं कपाट करतोय. सांगाडा झाला, गाडी अडलीये शटरच्या, म्हणजे दारांच्या भोकांवर.

शटर १८ मिमी प्लायचं, दर्शनी बाजूला सनमायका. हिंजच्या वाटीसाठी (शटरमध्ये बसणारा तिचा गोल भाग) ३५ मिमी व्यासाचं आणि साधारण १२ मिमी खोल भोक हवंय. दुकानातून आधी चपटं, पात्याचं बिट आणलं. त्याचं मधलं टोक एवढं लांब, की भोक अर्ध्यावर असतानाच पुढच्या सनमायकाला फुगवटा आला आणि टोक बाहेर डोकावलं! एक शटर वाया. (बायको म्हणते, तिथे कुलूप लाव.)

मग फोर्स्टनर बिट घेतलं. त्याचं टोक जेमतेम, कडा गोल, तळ सपाट. पण तिसऱ्या भोकाला धूर निघाला, भुसा काळा पडला. ड्रिल मशीन साधं १३ मिमी चकचं (बिट पकडणारा जबडा), हॅमर म्हणजे ठोके बंद ठेवूनच वापरतो. वेग मात्र ट्रिगर पूर्ण दाबूनच. चूक तीच का? की प्लायमधल्या डिंकाने धार गेली? कार्बाइड (जास्त कठीण) टोकांचं बिट घेणं परवडेल का, एकूण आठच भोकं उरलीत?

मुठीच्या ५ मिमी भोकांसाठी लोखंडाचं बिट सनमायकावर घसरतं. खाली टाकाऊ फळी दाबून धरली तर मागून कपचे उडत नाहीत, तेवढं जमलंय. मधे अणकुचीदार टोक असलेलं लाकडाचं बिट कुणी वापरलंय का? आणि खोली मोजायला बिटला चिकटपट्टी गुंडाळतात, ती ३५च्या बिटला कुठे गुंडाळायची?