शो क्वायर: तोच कार्यक्रम, एकीकडे पहिला, दुसरीकडे चौथा. असं का?

प्रश्न, इंडियानाकर
अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हायस्कूल शो क्वायर (एकाच वेळी गाणारा आणि नाचणारा मोठा गट) स्पर्धांबद्दल विचारतोय. तोच संघ, तीच पाच गाणी, आठवड्याच्या अंतराने निकाल मात्र पहिला आणि चौथा. एका परीक्षकाचे 91, दुसऱ्याचे 78. सगळं आवडीनिवडीवरच चालतं का?

सुरांचा_हिशोब
आवडनिवड असतेच, पण आधी गुणपत्रिकेत गाण्याला किती वजन आणि नाचाला किती, ते बघा. समजा, 'क' संघाला गाण्यात 92 टक्के, नाचात 80. 'ख'ला 84 आणि 92. वजन 60-40 असेल तर दोघांचे 87.2, बरोबरी. 50-50 केलं की ख 88, क 86. 70-30 ला क 88.4, ख 86.4. एकही सूर न बदलता निकाल फिरला!

मग बेरीज. पाच परीक्षकांनी क ला 91, 90, 92, 91, 78 दिले आणि ख ला 89, 88, 90, 88, 90. थेट बेरजेत ख जिंकतो, 445 विरुद्ध 442. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक लावले तर चौघांनी क ला वर ठेवलंय, म्हणून क पहिला. 78 देणारा चुकलाच असं नाही, तो गुणांची पट्टी लांबवर वापरतो, त्यामुळे थेट बेरजेत त्याचं एकट्याचं मत चौघांना भारी पडतं. क्रमांक पद्धतीत ते टळतं, पण तिथे अर्धा गुण आणि दहा गुण यांतला फरकच पुसला जातो. मला तरीही क्रमांक पद्धत जास्त न्याय्य वाटते.

तिसरा_रायझर
शैलीचाही भाग आहे. ढोबळ बोलायचं तर कॅलिफोर्नियात अख्ख्या कार्यक्रमाला एक कथासूत्र देण्याकडे कल दिसतो. मिडवेस्टात (इंडियाना वगैरे राज्यांत) रांगा, हातांचे कोन, एकसारखेपणा यांवर भर. कथेत रमणाऱ्या परीक्षकाला नुसती कवायत कोरडी वाटते, आणि कोन मोजणाऱ्याला कथेतला मोकळा अभिनय विस्कळीत वाटतो. म्हणून परीक्षक नाचाचे की गाण्याचे, हे आधीच विचारून घ्यावं.

इंडियानाकर
78 वाल्याने शेरा दिलाय: 'बॅलडमध्ये (संथ, भावपूर्ण गाण्यात) आवाज उतरले, शेवटच्या गाण्याला दम नाही.' ही पण आवड?

सुरांचा_हिशोब
नाही, हा दोष मोजता येतो. बॅलडमध्ये साथीचा बँड जिथे थांबतो, त्या ओळींत गाणारे हळूहळू खाली सरकतात आणि बँड परत आला की फरक उघडा पडतो. सरावात त्या ओळींच्या शेवटी पियानोचा एकच सूर वाजवून ताडून बघा.

शेवटच्या गाण्याचं कारण बहुधा श्वास. हात डोक्यावर गेले की खांदे वर येतात, श्वास उथळ होतो. त्यात उडी लांब सुरावर आली की सूर तुटतो. नृत्य बसवतानाच श्वासाच्या जागा आखून घ्या. आधी नुसते पाय आणि गाणं, मग हात, मग सगळं मूळ लयीच्या 80 टक्क्यांवर. वेशभूषा बदलून धावत येणाऱ्यांना पहिल्या आठ मात्रा गायला लावू नका, त्या मागच्या रांगेने उचलाव्यात.

तिसरा_रायझर
यात माइकही बघा. समोरचे माइक पहिली रांगच जास्त उचलतात. तिथे नुसते उत्तम नाचणारे उभे केले तर परीक्षकाला चाळीस जणांऐवजी त्या आठ जणांचंच गाणं ऐकू येतं. दोन-तीन पक्क्या सुराचे पुढे आणा. आणि अनेक ठिकाणी परीक्षक कार्यक्रम चालू असतानाच बोलून टिप्पणी ध्वनिमुद्रित करतात. ती संचालकांकडे असते. 78 वाल्याची मागून ऐका, आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.