मदत हवी आहे: गोव्यातलं अंजुणे धरण की चापोली धरण? कयाक (वल्ह्याची छोटी होडी) पाण्यात घालायला परवानगी कुणाची?

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरअखेर एक शनिवार-रविवार काढून डोंगरातल्या पाण्यावर जायचंय: सकाळी फोटो, थोडं वल्हवणं, मग काठाने चालणं. आम्ही तिघं, मुलगा बारा वर्षांचा, पोहता येतं. हवा भरायची दोन माणसांची कयाक आणि तिघांची लाइफ जॅकेटं स्वतःची आहेत. मोटार नाही, ड्रोनही नाही. राहतो डिचोलीत.

मयेचं तळं पाहून झालं. पॅडल बोटी ठीक, पण तळं लहान आणि रविवारी सेल्फीवाल्यांची जत्रा. साळावली धरणाचा गोल सांडवा पावसाळ्यात पाहिला. तो लांबूनच पाहायचा, तिथं कयाक नकोच. तिळारीला पुढं कधीतरी जाऊ, या खेपेला गोव्यातच.

चोर्ल्याच्या पायथ्याचं अंजुणे मनात भरलंय. तिथं सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो. तोवर पाणी काळंशार आणि वर धुक्याची पातळ साय. काणकोणचं चापोली लांब पडतं, पण काठ जास्त शांत वाटला.

अडचण अशी की एका धरणाच्या गेटवर रखवालदार म्हणाला, "पत्र आणा." कुणाचं, ते त्यालाही माहीत नव्हतं! जलस्रोत खात्याचं, वनखात्याचं, की दोन्ही?

कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत हे ठाऊक आहे. या दोन धरणांत कुणी पाहिल्यात का? आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत कुणी रीतसर परवानगी काढून वल्हवलं असेल, तर अर्ज नेमका कुठल्या कार्यालयात दिला आणि किती दिवस लागले?