शब्दचर्चा : मालिकेच्या टीव्ही-चित्रपटाला काय म्हणायचं?

विज्ञानकथा मालिकेच्याच विश्वात, तीच पात्रं घेऊन, खास टीव्हीसाठी काढलेला दीडेक तासाचा चित्रपट. याला मराठी शब्द सुचवा. 'टेलिफिल्म' चालत नाही. टेलिफिल्म म्हटलं की एकटी, सुटी गोष्ट डोळ्यांपुढे येते. निमित्त 'बॅबिलॉन ५' या, त्याच नावाच्या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या अमेरिकी मालिकेचं. पाच पर्वं, ११० भाग आणि १९९८-९९मध्ये टीएनटी वाहिनीवर आलेले चार चित्रपट. ओळीने पाहिले, पण चारांना एकच नाव द्यायला जीभ रेटेना.

—

'पुरवणी' घ्या की. उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधतात ती. आत पुष्कळदा निव्वळ पाल्हाळ.

—

पुरवणीत हेटाळणी आहे, पण 'थर्डस्पेस'ला ती शोभते. हायपरस्पेसमध्ये (जहाजं लांबचे पल्ले झटपट गाठतात ते अवकाश) एक प्राचीन महाद्वार सापडतं, स्थानकावरच्या लोकांची डोकी फिरतात, शेवटी द्वार उडवून देतात. हे सगळं म्हणे चौथ्या पर्वाच्या काळात घडलं, आणि पुढे कोणी त्याचं नावही काढत नाही. दोरा सोडला तरी उत्तरपत्रिकेचे गुण तेवढेच.

'अ कॉल टू आर्म्स'ला मात्र संस्कृत नाटकातला 'विष्कंभक' बसेल. दोन अंकांमधला, मागचं-पुढचं सांगणारा प्रवेश. हा चित्रपट संपतो तेव्हा पृथ्वीवर जीवघेणी साथ सोडलेली असते आणि उपाय शोधायला हाताशी पाच वर्षं. शोधायचं काम पुढच्या 'क्रूसेड' मालिकेचं.

—

विष्कंभक! उच्चारेपर्यंत जाहिराती संपतील.

—

माझं मत 'उपाख्यान'ला. वनपर्वात जुगारात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची गोष्ट सांगतात. नळही द्यूतातच राज्य हरलेला. गोष्ट सुटी वाचली तरी पुरी होते, पण ऐकणारा कोण हे कळलं की तिला धार येते. वर शेवटी युधिष्ठिराला अक्षविद्या मिळते. म्हणजे उपाख्यानाने मूळ कथेच्या पदरात काहीतरी टाकायला हवं.

'इन द बिगिनिंग' तंतोतंत असंच आहे (न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडावा). म्हातारा सम्राट लोंडो दोन मुलांना पृथ्वी आणि मिनबारी या परग्रहवासीयांमधल्या युद्धाची गोष्ट सांगतो. युद्ध कसं थांबलं हे प्रेक्षकाला मालिकेतून ठाऊकच असतं. पण युद्ध आधीच थांबवू शकली असती अशी एक गुप्त भेट लोंडोच्याच गैरसमजामुळे उधळली गेली होती. सांगणाराच गुन्हेगार निघतो, आणि समोर पोरं कान देऊन बसलेली.

—

पटलं. मग २००२च्या 'लेजंड ऑफ द रेंजर्स'ला काय म्हणणार? त्यात तोफ चालवणारी बाई पोकळीत तरंगत लाथाबुक्क्या मारते आणि तिकडे जहाजातून मारा सुटतो. नव्या मालिकेची नांदी म्हणून काढला, मालिका काही आली नाही.

—

नांदी झाली, नाटकच नाही. शब्द तुम्हीच दिलात.

—

मूळ प्रश्न माझा, तेव्हा परत येते. उपाख्यान घेतलं. घेतल्याबरोबर डोक्यात न निघालेले चित्रपट सुरू झाले. पहिली तीन बॅबिलॉन स्थानकं घातपातात गेली, चौथं सुरू झाल्यापासून २४ तासांत गायब झालं. मालिकेत हे चार वाक्यांत उरकतं. (चौथ्याचं गूढ पुढे उकलतं, पहिल्या तिघांवर कोणी थांबत नाही.) मला सेनापती नकोत, महाद्वार नको. तिसऱ्यावर सोबती गमावलेला एखादा वेल्डर पाचव्याच्या कामावर येतो आणि नव्या पोराला सांध्यावर सांधा जोडायला शिकवतो, एवढंच हवं. पोरगा विचारतो, आधीची कशी होती? तिथून उपाख्यान सुरू. शिकवताना तो एक सांधा तीनदा तपासतो. का, ते शेवटी कळावं.

पुरवणी काढणाऱ्याने हाच विषय घेतला तर घातपात करणारा शोधत बसेल.

—

छान. आता 'स्पिन-ऑफ'ला, म्हणजे मूळ मालिकेतून निघालेल्या नव्या मालिकेला, काय म्हणायचं ते सांगा. 'फाटा' म्हटलं तर चालेल का? फाटा देणं म्हणजे टाळणं, म्हणून अडखळतोय.