भारतीय महिला बँकेचे विलीनीकरण योग्य होते का?

धागालेखिका:
१ एप्रिल २०१७ रोजी भारतीय महिला बँक, म्हणजे सरकारने खास महिलांसाठी काढलेली बँक, स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा सरकारने केलेली तुलना मला आजही पटत नाही. तीन वर्षांत या बँकेने महिलांना १९२ कोटी रुपयांची कर्जे दिली, तर स्टेट बँक समूहाने सुमारे ४६,००० कोटींची, असे तेव्हा सांगण्यात आले. जेमतेम शंभर शाखांच्या नवजात बँकेला वीस हजारांहून अधिक शाखांच्या बँकेशेजारी उभे करून तिची उंची मोजणे न्याय्य नव्हे. पाळणाघर काढू इच्छिणाऱ्या बाईसाठी या बँकेने ‘परवरिश’ ही स्वतंत्र कर्जयोजना आणली होती, आणि अशा कामाला व्यवसाय मानून कर्ज देणारी माणसे तिथे बसलेली असणे हेच माझ्या मते वेगळ्या बँकेचे खरे प्रयोजन होते.

प्रतिसाद १:
तुलना विषम होती, हे मान्य. पण १,००० कोटींचे सरकारी भांडवल हाताशी असताना तीन वर्षांत १९२ कोटी, हा आकडा कोणाशीही न ताडता तोकडाच दिसतो. ‘परवरिश’च्या जोडीला ब्यूटी पार्लरसाठी ‘शृंगार’ आणि केटरिंगसाठी ‘अन्नपूर्णा’ या योजना होत्या. स्त्री व्यवसाय करणार म्हणजे नटवणार, रांधणार आणि मुले सांभाळणार, अशी समजूत त्या नावांतूनच दिसते आणि मला ती खटकते. लेथ मशीन घेऊ पाहणाऱ्या स्त्रीने कोणाचे दार ठोठवायचे? शिवाय ‘तुमच्यासाठी महिला बँक आहे ना’ असे म्हणून इतर बँकांच्या व्यवस्थापकांना तिला परत पाठवण्याची सोयच झाली असती.

प्रतिसाद २:
मी दोघांशीही पूर्ण सहमत नाही. सातबाऱ्यावर नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे नाव असते, त्यामुळे तारण मागितले की बाईचा अर्ज तिथेच अडतो, मग बँक कोणतीही असो. माणदेशी महिला बँकेचे उदाहरण पाहावे. सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या बायका साक्षरतेचे वर्ग करून पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी सांगितली, आणि १९९७ मध्ये म्हसवडला बँक उभी राहिली. तिथे बाजारात बसणाऱ्या विक्रेतीकडे जाऊन रोजची बचत गोळा केली जाते. दिल्लीत मुख्यालय ठेवून वरून खाली शाखा उघडत जाणाऱ्या बँकेला हे कसे साधावे?

धागालेखिका:
योजनांच्या नावांबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे; आखणी करणाऱ्यांची दृष्टी तिथे तोकडी पडली. तारणाबाबत मात्र सांगितले पाहिजे की पतहमी योजनेच्या (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी देणाऱ्या योजनेच्या) आधारे विनातारण कर्ज देण्याची सोय या बँकेने ठेवली होती, म्हणजे अडचण कुठे आहे हे तिला ठाऊक होते. माणदेशीचे किंवा अहमदाबादच्या सेवा बँकेचे उदाहरण माझ्या विरोधात जाते, असेही मला वाटत नाही. १९७४ मध्ये चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून उभारलेली सेवा बँक कैक वर्षे सावकाश वाढत गेली आणि तिला तसे वाढू दिले गेले. महिला बँक १९ नोव्हेंबर २०१३ रोजी सुरू झाली. तिला साडेतीन वर्षेही मिळाली नाहीत.