सल्ला हवा: फाउंड्रीच्या रोजच्या निर्णयांत गेम थिअरी, ऑप्टिमायझेशन खरंच कामाला येतं का?

कास्टिंगवाला
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे, लागूनच मशीन शॉप. वडील आणि मी मिळून बघतो. ग्रे आयर्नची कास्टिंग्ज, बहुतेक माल पुण्याकडं जातो.

अडचणी दोन. आमच्या मोठ्या खरेदीदारानं ऑनलाइन रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे जो सगळ्यात कमी भाव देईल त्याला काम असा उतरता लिलाव, सुरू केलंय. स्क्रीनवर फक्त आपला नंबर दिसतो, बाकीच्यांची नावं नाहीत. पण समोर कोण बसलंय ते सगळ्यांना माहीत असतं, दोघं तर आमच्याच गल्लीतले. पन्नास-पन्नास पैसे करत सगळे खाली येतात आणि शेवटी ज्याला काम मिळतं त्याचाच चेहरा पडलेला असतो.

दुसरी अडचण घरातली. कुठला पार्ट किती घ्यायचा, व्हीएमसीवर (आमचं संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आधी काय चढवायचं, भट्टीत पिग (कच्चं ओतीव लोखंड) किती आणि स्क्रॅप किती, हे सगळं वडिलांच्या डोक्यात. बरोबरही असतं बहुतेक वेळा. पण मला त्याचं गणित मांडता यायला हवंय.

यूट्यूबवर गेम थिअरी शोधलं की दोन कैद्यांची गोष्ट येते (दोघं गप्प राहिले तर दोघांचा फायदा, पण प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव सांगून सुटायचा मोह) आणि तिथंच विषय संपतो. आमच्यासारख्यानं काय शिकावं, कुठनं शिकावं? गणित डिप्लोमापर्यंतचं. बजेट शून्याच्या आसपास.

रंकाळा_वारा
ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्या की एखादी चांगली. सगळे रिपोर्ट आपोआप येतात.

उद्यमनगर_जुना
ईआरपी काय झालं ते सांगते, काय करावं ते नाही. त्याला दुसरंच हवंय.

कास्टिंगवाल्या, आधी दोन ढीग कर. भट्टी, स्क्रॅपचं रसायन, मशीनचे तास हे तुझा डाव बघून स्वतःचा डाव बदलत नाहीत. तिथं ऑप्टिमायझेशन, म्हणजे असलेल्या अटींत सगळ्यात फायद्याचं उत्तर काढणं. खरेदीदार, शेजारचा फाउंड्रीवाला, ट्रान्सपोर्टवाला हे बदलतात. तिथं गेम थिअरी. सुरुवात पहिल्या ढिगापासून कर, कारण ऑक्शनला बसताना जो आकडा हातात लागतो तो या पहिल्या ढिगातनंच निघतो. कसा ते सांगतो, आकडे समजायला सोपे घेतलेत.

समज व्हीएमसी तिन्ही शिफ्ट भरलेली आहे. हाउसिंगला नगामागं ९० रुपये सुटतात, मशीनवर ६ मिनिटं लागतात. ब्रॅकेटला ६० रुपये सुटतात, ३ मिनिटं लागतात. नगाकडं बघशील तर हाउसिंग भारी. तासाकडं बघ. हाउसिंग तासाला १० नग म्हणजे ९०० रुपये, ब्रॅकेट २० नग म्हणजे १,२००. जिथं काम तुंबतं त्या मशीनच्या तासामागं काय सुटतं, तेवढंच बघायचं.

आता ऑक्शनमध्ये नवा पार्ट आलाय, ५ किलोचा, व्हीएमसीवर ४ मिनिटं. तो घेतलास तर तेवढी मिनिटं ब्रॅकेटच्या तोंडातनं काढावी लागणार. १,२०० च्या हिशेबानं ४ मिनिटांचे ८० रुपये. म्हणजे धातू, वीज, मजुरी, रिजेक्शन हे सगळं धरून वर किलोमागं १६ रुपये मिळाले तरच तू जिथल्या तिथं. लोक तिथं पन्नास पैशांवरनं घासाघीस करतात आणि हे १६ रुपये कुणाच्या कागदावरच नसतात. उलट पुढच्या तिमाहीत व्हीएमसी निम्मी रिकामी दिसत असेल तर हेच ८० रुपये शून्य होतात, आणि शेजाऱ्यापेक्षा तू बिनधास्त खाली जाऊ शकतोस. मशीनच्या वेळेच्या ह्या किमतीला शॅडो प्राइस म्हणतात. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये (अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं साधन) सिम्प्लेक्स एलपी, म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंगची पद्धत, निवडून सोडवलंस की शेवटी सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागता येतो, त्यात हा आकडा आयता मिळतो. फक्त नग पूर्णांकातच हवेत अशी अट घालू नकोस, तो रिपोर्ट मग येत नाही.

कास्टिंगवाला
काका, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. आम्ही कॉस्टिंग शीटला मशीन अवर रेट लावतो, पण तो वर्षभर एकच.

उद्यमनगर_जुना
सगळेच तसं करतात. मशीन अवर रेट हप्ता आणि घसारा सांगतो. आज त्या तासाला बाजारात काय किंमत आहे ते सांगत नाही.

मास्तरीणबाई
मी गणित शिकवते, कारखान्यातलं मला फार कळत नाही. ऑक्शनबद्दल मात्र सांगते.

विल्यम विक्री (Vickrey) या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये लिलावांवर एक निबंध लिहिला, १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळण्यात त्याचा मोठा वाटा होता. आपल्या कामाचा भाग एवढाच: प्रत्येकाचा खर्च ज्याचा त्याला पक्का माहीत असेल, तर उतरत्या लिलावात डोकं लढवायला फारसं काही उरत नाही. आपल्या तळाच्या आकड्यापर्यंत थांबायचं आणि तो आला की उठायचं. काम सर्वात कमी खर्चवाल्याला जातं, भाव साधारण दुसऱ्या नंबरच्या खर्चापाशी थांबतो. शेजारी काय करेल याचा घोर लावून घ्यायचं कारणच नाही.

तुमच्याकडं गुंता वेगळा आहे. नव्या पार्टचं रिजेक्शन किती येईल, सहा महिन्यांनी स्क्रॅप कितीला मिळेल, हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाचा आपला अंदाज. मग जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात गोड, तो. चेहरा पडतो तो म्हणूनच. याला विनर्स कर्स म्हणतात, आणि हे प्रथम मांडलं ते तेलकंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी, १९७१ मध्ये, समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवरून. त्यातून निघणारी गोष्ट मनाला पटायला अवघड जाते: बोली लावणारे वाढले की जास्त सावध व्हायचं, जास्त आक्रमक नाही. बाराजणांत तुमचा आकडा सगळ्यात खाली असेल तर अंदाज चुकल्याची शक्यता तिघांतल्यापेक्षा जास्त.

म्हणून ऑक्शनच्या आधीच मटेरियलचा भाव तिमाहीला वरखाली करण्याची अट आहे का ते विचारा. असेल तर अंदाजाचा मोठा भाग बाहेर पडतो, उरतं तुमचं कसब.

चहाकट्टा
एवढं कशाला? समोरचे कोण ते माहीत आहे ना? चौघांनी एकत्र चहाला बसा, खालचा रेट ठरवा, कामं वाटून घ्या. विषय संपला. 😄

उद्यमनगर_जुना
विषय तिथनंच सुरू होतो भावा. २००२ च्या स्पर्धा कायद्यात हा सरळ गुन्हेगारी व्यवहार धरला नसला तरी कार्टेलच आहे, म्हणजे विकणाऱ्यांनी संगनमत करून भाव ठरवणं. दंड त्या काळातल्या दर वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जो जास्त तो. लहान फाउंड्रीचं शटर पडेल.

मास्तरीणबाई
आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते टिकत नाही. चौघांनी रेट धरला की पाचव्या मिनिटाला एकाला वाटतं, मी रुपयाभर खाली गेलो तर सगळं काम माझं. गंमत म्हणजे स्पर्धा आयोगाची सवलत-योजना हेच ओळखून रचलेली आहे. कार्टेलमधला जो पहिला येऊन पुराव्यानिशी सांगेल त्याचा दंड १०० टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो, दुसऱ्याचा ५० टक्क्यांपर्यंत. दोन कैद्यांची गोष्ट हवी होती ना, ती ही घ्या.

चहाकट्टा
मागे घेतो. चहा तेवढा ठेवतो.

पंचगंगाकाठ
ऑप्टिमायझेशनवाल्यांना एक विनंती. सॉल्व्हरला स्टॉक सांभाळायला दिला की तो पहिल्यांदा स्टॉकच छाटतो, कारण त्याच्या लेखी स्टॉक म्हणजे अडकलेला पैसा. ऑगस्ट २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ ला परत तेच. गाड्या दोन्ही बाजूला उभ्या. तयार माल पुण्यात ठेवलेला असेल तोच पोचला.

म्हणून जून ते सप्टेंबर कच्च्या मालाचे किमान इतके दिवस आणि तयार मालाचे पुण्याच्या बाजूला इतके दिवस, अशी अट शीटमध्ये घालूनच टाका. ती अट काढली तर किती वाचतात तेही बघा. तेवढाच तुमचा पुराच्या विम्याचा हप्ता.

चप्पल_लाईन
धाग्यात घुसतोय, माफी. आमचं दुकान कोल्हापुरी चपलांचं. दिवाळीला बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं. एक खास नमुना कारागिराकडनं आधीच करून घ्यावा लागतो, नंतर वेळेत मिळत नाही. किती जोड सांगायचे? ६०० ला पडतो, १,००० ला जातो, उरला तर नंतर ४५० ला काढतो.

मास्तरीणबाई
हे तर पुस्तकी गणित, न्यूजव्हेंडर नावाचं. एक जोड कमी पडला तर ४०० गेले. एक उरला तर १५० गेले. ४०० भागिले ५५०, म्हणजे ०.७३ च्या आसपास. मागणी भागण्याची शक्यता ७३ टक्के होईल इतका माल सांगायचा. मागच्या ११ दिवाळ्यांचे आकडे असतील तर लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि आठवा उचला. सरासरीपेक्षा वरच निघेल बहुधा. पण ज्या वर्षी माल संपला होता त्या वर्षीची विक्री ही मागणी नव्हे. परत गेलेली गिऱ्हाइकं अंदाजानं त्यात मिळवा.

चप्पल_लाईन
परत गेलेली कोण मोजतंय बाई! यंदा वहीत रेघा ओढायला पोराला बसवतो.

सोमवार_सुट्टी
शिकायचं कुठनं हे राहिलंच. मी जे केलं त्यातनं सांगतो. एनपीटीईएलवर (आयआयटींचं ऑनलाइन शिकवणीचं व्यासपीठ) ऑपरेशन्स रिसर्चचे, म्हणजे असल्याच निर्णयांच्या गणिताचे, कोर्स आहेत, व्हिडिओ फुकट. पहिले काही तास एलपीचे, तेवढेच मन लावून बघ. स्टॅनफर्डचा गेम थिअरीचा कोर्स कोर्सेरा या वेबसाइटला आहे. चांगला आहे, पण सिद्धांताकडं झुकलेला, तुला ऑक्शनचा भाग हवाय त्यासाठी तो पूर्ण करायची गरज नाही. एमआयटीचा सप्लाय चेनचा मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन कोर्स मेहनत मागतो, पण मागणीचा अंदाज आणि स्टॉक यावर त्याच्याइतकं नीट मला दुसरीकडं मिळालं नाही.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नकोस. एक्सेलच्या सोबत येणाऱ्या सॉल्व्हरला २०० बदलत्या आकड्यांची मर्यादा आहे, तुझ्या शॉपला ती पुरून उरते. लिब्रेऑफिसमध्येही सॉल्व्हर आहे. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर पल्प नावाची लायब्ररी. गोकुळ शिरगावला केआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात विचार, शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट शोधतच असतात. फाउंड्रीमन संस्थेच्या कोल्हापूर चॅप्टरला गेलास तर धातूचं बोलणारी माणसं भेटतील.

कास्टिंगवाला
सगळ्यांचे आभार. रविवारी चार्ज मिक्स, म्हणजे भट्टीत काय किती टाकायचं ते, सॉल्व्हरला घालून बघितलं. पिग आयर्न, एमएस स्क्रॅप, आमचेच रनर-रायझर (ओतताना साच्यात उरणारा जादा धातू) परत, आणि कार्बन वाढवायला सीपीसी (भाजलेला पेट्रोलियम कोक). अटी घातल्या कार्बन ३.२ ते ३.५, सिलिकॉन, मँगनीज, आणि परत आलेला माल सगळा संपला पाहिजे. उत्तर आलं, पिग शून्य. सगळं स्क्रॅप आणि सीपीसी. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "पातळ भिंतीचा पार्ट असा ओतून बघ, कडा पांढऱ्या होऊन टूल मोडतील."

उद्यमनगर_जुना
वडील बरोबर आहेत. पिगमध्ये नुसता कार्बन नसतो, ग्रॅफाइट धरायला बीज मिळतं. निव्वळ स्क्रॅप आणि सीपीसीवर गेलास तर चिल, म्हणजे कडा पांढऱ्या आणि कडक होणं, यायचा धोका वाढतो, इनॉक्युलेशन (ओतण्याआधी रसात ग्रॅफाइटचं बीज देणारी भुकटी टाकणं) चोख लागतं. रसायनाच्या टक्क्यांत हे दिसत नाही म्हणून सॉल्व्हरला दिसलं नाही. वडिलांना विचार, पातळ पार्टला कमीत कमी किती पिग, जाड पार्टला किती. दोन वेगळ्या अटी घाल. जाड पार्टला ते कमी सांगतील, आणि पैसे तिथंच सुटतील.

कास्टिंगवाला
विचारलं. जाड पार्टला आत्ता टाकतोय त्यापेक्षा कमी चालेल म्हणाले, पण आधी वेज टेस्ट, म्हणजे पाचरीसारखा नमुना ओतून तोडून चिल किती येतो ते बघणं, घेऊन मगच. गुरुवारी ऑक्शन आहे. काका, त्या ८० रुपयांसाठी व्हीएमसीचं भरलेपण आजचं धरू की माल सुरू होईल तेव्हाचं?

उद्यमनगर_जुना
माल सुरू होईल तेव्हाचं. खरेदीदाराच्या तीन महिन्यांच्या शेड्यूलवर मात्र आंधळा भरवसा नको, ते फुगवलेलं असतं. डीलरनं थोडं वाढवलं, कंपनीनं त्यावर थोडं, तुझ्यापर्यंत येताना फुगा झालेला. मागच्या वर्षी शेड्यूल किती होतं आणि गाडी किती भरली, त्या प्रमाणात कापून घे. शीट इथं टाकलीस तर बघतो. खरेदीदाराचं नाव आणि रेट आधी पुसून टाक.