मदत हवी आहे : घरी केलेल्या वेट पॅलेटवर रंग टिकत नाही (तातडीचे)

कृष्णाकाठचा_मावळा, सांगली
दिवाळी अकरा दिवसांवर आली आणि चाळीसपैकी सहाच मावळे झालेत. बत्तीस मिलिमीटरचे आहेत, पोराच्या प्रतापगडावर मांडायचेत. रंग ओला राहावा म्हणून घरीच वेट पॅलेट केली : डबा, स्पंज, पाणी, वर बटर पेपर. पगडीचा केशरी काढला की दुसरा मावळा हातात घेईपर्यंत रंगावर साय धरतीय. आणि रात्री झाकण लावून ठेवला तर सकाळी तोच रंग नुसतं पाणी. दोन्ही एकाच पॅलेटवर कसं होतंय? आज रात्री अंगरखे उरकायचेत, लवकर सांगा.

अजिंक्यतारा_पायथा
रंग कुठले, पोस्टर की ॲक्रिलिक? स्पंज कसला? आणि बटर पेपर म्हणजे नक्की कुठला? आपल्याकडं त्या नावाखाली तीन-चार कागद खपतात.

रंगारी_काका
वेट पॅलेटचं खूळ कशाला? फरशीच्या दुकानातून पांढऱ्या टाइलचा तुकडा आणा, शेजारी पाण्याचा फवारा ठेवा. रंग थेंबभर काढायचा, संपला की परत काढायचा. मी वर्षानुवर्षं गणपतीचे डोळे असेच रंगवतोय.

अजिंक्यतारा_पायथा
काका, डोळ्यांना थेंब पुरतो. यांना चाळीस अंगरख्यांना एकच छटा लागणार. टाइलवर पुन्हा पुन्हा मिसळली की दर वेळी थोडी वेगळी येते.

माचीवरचा
दोन थेंब ग्लिसरीन घाला, साय धरणार नाही.

अजिंक्यतारा_पायथा
ग्लिसरीन नको. रंग वाळल्यासारखा दिसतो पण चिकट राहतो. किल्ल्याच्या मातीत ठेवले की धूळ अंगाला बसेल, पोरं हाताळतील ते वेगळंच.

शाळेतली_ताई
ब्रश कितीचा वापरता? सगळे शून्य नंबरच्या मागं लागतात. दोन नंबरचा घ्या, टोक चांगलं असलं की बास. पोटात रंग जास्त मावतो, टोकावर वाळत नाही.

कृष्णाकाठचा_मावळा
ताई, ब्रश ठीक आहेत. रंग अर्थातच ॲक्रिलिक. स्पंज भांडी घासायचा, नवा. कागद मिठाईच्या दुकानातून मागून आणला, बर्फीखाली घालतात तो. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज वाढवत गेलो, आता स्पंज पार बुडालाय. पंखा डोक्यावर फुल्ल, ऑक्टोबर हीट चालू आहे की.

अजिंक्यतारा_पायथा
हे आधी सांगायचं होतं दादा, सगळं उत्तर यातच आहे.

त्या कागदावर नख ओढून बघा. नखात पांढरं आलं तर ते मेण. मेणातून पाणी वर येत नाही, म्हणजे खाली तळं असलं तरी तुमचा रंग कोरड्या ताटात काढल्यासारखाच. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की त्याचं कातडं होतं आणि ते पुन्हा पाण्यात विरघळत नाही. त्यात वर पंखा. पाणी वाढवत गेलात तसं ते कागदाच्या कडेवरून आत आलं आणि रात्रभरात रंगात उतरलं. म्हणून दोन्ही एकाच पॅलेटवर.

केकचं सामान मिळतं तिथं बेकिंग पेपर मागा. डब्याच्या मापात कापून गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, नाहीतर कडा वळतात. स्पंजाऐवजी टिश्यूच्या चार-पाच घड्या चालतील. पाणी इतकंच, की डबा तिरका केला तर कोपऱ्यात जेमतेम ओघळ जमावा. कागद मधून कडेकडं बोटानं दाबत नेऊन खालची हवा काढा. जिथं फुगा राहतो तिथं रंग आधी वाळतो. पाच मिनिटांनी वर बोट टेकवा : गार, दमट लागलं पाहिजे, बोटावर थेंब यायला नको.

माचीवरचा
आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं कागदावर पांढरे क्षार येतात. फिल्टरचं वापरा. आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डबा उघडला की कुबट वास येतो.

रंगारी_काका
तलवारीची चांदी मात्र वेट पॅलेटवर घेऊ नका. तिचा चुरा ओलाव्यावर तरंगत शेजारच्या रंगात जातो. तिला माझी टाइलच बरी.

अजिंक्यतारा_पायथा
हे काकांचं शंभर टक्के खरं.

गडवाट
प्रतापगड करताय म्हणून सांगतो, माची आणि बालेकिल्ला वेगळे दाखवा. बहुतेक जण एकच ढिगारा करतात. आणि अफजलखानाची लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची, तेव्हा डोंगरउतारावर हिरवं पेरलेलं शोभेल. हळीव आज टाकले तर दिवाळीपर्यंत वर येतील.

कृष्णाकाठचा_मावळा
नखात मेण आलं! संध्याकाळी बेकिंग पेपर आणला, सांगितलं तसं केलं, पंखा बंद ठेवला. साडेआठला काढलेला केशरी अकराला पण तसाच ओला होता, चौदा पगड्या एका छटेत झाल्या. शेवटच्या पगडीला तर पाण्याचा एक थेंबसुद्धा घालावा लागला नाही. हळीव पोरानं आजच टाकले.

काकांचं मात्र उशिरा वाचलं. तोवर चांदी पॅलेटवर काढली होती, ती अंगरख्याच्या पांढऱ्यात गेली. बराच पांढरा काढला होता, आता चमकणारा राखाडी झालाय. वाचवता येईल का?

रंगारी_काका
पांढरा परत होणार नाही. त्यात काळ्याचा एक थेंब टाका आणि तोफा रंगवून घ्या. आजच, डबा बंद करायच्या आधी.