बेगडी ऊन का म्हणत नाहीत?

चाफेकळी:
लेक नववीत आहे, तिच्या निबंधात मीच एक वाक्य सुचवलं होतं, 'पावसाळ्यातलं बेगडी ऊन'. बाईंनी बेगडीवर काट मारून वर 'फसवं' लिहिलं. मला तर दोन्ही सारखेच वाटायचे, दिसतं तसं नसतं त्याला दोन्हीतलं काहीही म्हणा. मग बेगडी ऊन का चालत नाही? आणि भ्रामक कुठे वापरायचा तेही सांगा.

ढोरवाट:
ताई, बाईंचं बरोबर आहे. फसवं म्हणायला कोणाचा डाव असावा लागत नाही. आम्ही सह्याद्रीत भटकतो तेव्हा फसवी वाट म्हणतो, म्हणजे गुरं जाऊन जाऊन मळलेली ढोरवाट, दिसते अगदी गावच्या पायवाटेसारखी आणि थोड्या वेळाने कारवीत नाहीतर कड्याच्या टोकाशी नेऊन सोडते, आता गुरांनी काय ती आपल्याला चकवायला पाडलेली नसते, आपणच फसतो. पाणीसुद्धा फसवं असतं, वरून शांत नि आत ओढ. बेगडी म्हटलं की मात्र ते कोणीतरी मुद्दाम वरून चढवलेलं असतं. बेगडी प्रेम, बेगडी माया, बेगडी देशभक्ती, बघा सगळी माणसांचीच उदाहरणं.

मुंडावळ्या:
वरच्यांचं पटलं पण अर्धंच. आमच्या घरी लग्नाची बाशिंगं करायचे, लहानपणी मी शेजारी बसून टिकल्या कापल्यात. बेगड म्हणजे कथलाचा अगदी पातळ, रंगवलेला चकचकीत पत्रा, बाशिंगाला लावतात, मखराला लावतात, ताबूत सजवायलाही लागतो. तो मुद्दामच लावलेला असतो तरी बाशिंगाला कोणी बेगडी म्हणून नावं ठेवत नाही, कारण ते सोनं नाही हे नवरदेवापासून वाजंत्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. सोनं म्हणून खपवायला गेलं की मग तो शब्द शिवी होतो. 'नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा' यातलं कथीलही तेच. शब्द वापरा, पण बेगड हा चांगला कामाचा माल आहे हे लक्षात असू द्या, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

टंकलेखक:
भ्रामक बद्दल थोडं. तो मुळात भ्रमावरून आलाय, त्यामुळे डोक्यातल्या गोष्टींना जास्त शोभतो, भ्रामक समजूत, भ्रामक कल्पना, आकडेवारीवरून काढलेला भ्रामक निष्कर्ष. भ्रामक ऊन कानाला कसंतरीच लागतं. जाहिरातीला फसवी, भ्रामक दोन्ही म्हणतात, पण मी ग्राहक तक्रारींचे कागद टाइप करतो तिथे 'दिशाभूल करणारी जाहिरात' असंच लिहितो आणि ते मला जास्त नेमकं वाटतं. फसवणूक म्हटलं की फसवायचा हेतू होता का हा प्रश्न येतो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र लोकांची दिशाभूल होण्याची शक्यता असली तरी पुरतं, आणि दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत.

चाफेकळी:
सगळ्यांचे खूप आभार, लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. बाजूला आई बसली होती, ती म्हणाली, यात विचारायचं काय, 'फसवं ऊन बघून गोधड्या वाळत घातल्या आणि चहा होईपर्यंत चिंब' असंच तर आपण म्हणतो. लेकीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलंय.